बागेला राखणदार नेपाळचा, मुलगा मुंबईचा

(रत्नागिरी येथे एका व्याख्यानमालेत ‘कोकणातील रोजगार’ या विषयावर झालेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्ते औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निवृत्त शिल्प निदेशक असून राजापूर तालुक्यात त्यांची आंब्याची बाग आहे.)



संयोजकांनी मला प्रथम जो विषय सुचविला तो ‘कोकणातील बेरोजगारी’ असा होता. मी त्यांना विनंती करून तो बदलून घेतला. कारण बेरोजगारी म्हटले की काम नाही, असा अर्थ होतो. आमच्या गावात तर काम पडून आहे. ते करायला माणूस नाही, म्हणून ते करण्यासाठी दीड-दोन हजार किलोमीटरवरून माणसे येतात. त्याच गावातील घराघरांतून तरुण मुले मुंबईला, पुण्याला काम शोधण्यासाठी जातात. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, एवढेच आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

माझ्या बागेत दोघे नेपाळी भाऊ आहेत. गावात त्यांना सारे ‘गुरखे’ म्हणतात. ते त्या जातीचे आहेत की नाहीत, हे कोणी विचारीत नाही. कार्तिकात येतात, मृगाच्या आधी परततात. रात्री बाग राखणे, फवारणीच्या वेळी नळी धरणे, झेल्याने आंबा उतरविणे, पेट्या भरणे, वानरांना हाकलणे, ही सारी कामे ते करतात. गेल्या हंगामात मी त्यांना प्रत्येकी महिना सतरा हजार रुपये, राहायला खोली आणि तांदूळ-डाळ दिली. त्यांतील तेरा-चौदा हजार प्रत्येक जण घरी पाठवीत असे.

आता दुसरे चित्र पाहा. आमच्याच वाडीतील एक मुलगा माझ्याकडे जोडारीचा अभ्यासक्रम शिकला. हाताला चांगला होता, कानस मारायला बसला की वर पाहत नसे. तो आज मुंबईत एका इमारतीच्या फाटकावर सुरक्षा रक्षक आहे. बारा तासांची पाळी. हाती एकोणीस हजार पडतात. तिघांत मिळून घेतलेल्या खोलीचे भाडे, खानावळ, रेल्वेचा पास आणि मोबाईल वजा जाता गावी दोन हजार पाठविले तर पाठविले. एकेकाळी मुंबईहून कोकणात मनिऑर्डर येत असे. आज कोकणातून पैसा नेपाळला जातो आणि आमच्या मुलाची आई रेशनच्या तांदळावर दिवस काढते.

गेल्या शिमग्याला तो आला होता, तेव्हा मी त्याला हा हिशेब करून दाखविला. ऐकून घेतले आणि म्हणाला, “सर, हिशेब बरोबर आहे. पण तिकडे मी काय करतो, ते गावाला दिसत नाही. विचारले तर ‘कंपनीत आहे’ असे सांगता येते. तुमच्या बागेत राहिलो तर काय सांगू? आणि मला मुलगी कोण देणार?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण माझ्या स्वतःच्या मुलाला मी पुण्याला पाठविले आहे, आणि माझ्या भाचीसाठी स्थळे पाहताना ‘मुलगा गावी असतो’ एवढ्या वाक्यावर मी दोन स्थळे परत केली आहेत. हे मी येथे जाहीरपणे सांगतो, कारण व्यासपीठावरून तरुणांना ‘गावी राहा’ असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांची मुले गावी नसतात. माझे बोलणे त्या मर्यादेतच आपण घ्यावे.

कोकणी माणूस मुंबईला गेला, ही काही आजची गोष्ट नव्हे. मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ पासून ती चालू लागली. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत गिरणगाव उभे राहिले, ते मोठ्या प्रमाणात रत्नागिरीच्या आणि घाटावरच्या मनुष्यबळावर. त्या स्थलांतराची एक रीत होती. पुरुष मुंबईला, बाई गावी. गावकीची एक खोली असे; तीत पाळीपाळीने पंचवीस-तीस माणसे राहात, वळकट्या भिंतीशी लावून ठेवीत. जेवण खानावळीत. पेरणीला, गणपतीला, शिमग्याला माणूस गावी येई. म्हणजे गाव सुटलेले नव्हते. गावाचाच एक हात मुंबईला कामाला होता. माझे वडील या रीतीने एकोणतीस वर्षे जगले. त्यांचे घर कोणते, असे विचारले असते तर त्यांनी क्षणाचाही विचार न करता राजापूर सांगितले असते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही, गिरण्याच संपल्या. त्या काळी पुष्कळ माणसे गावी परतली. वडीलही परतले, आणि ओटीवर बसून राहिले. त्यांना शेती येत नव्हती असे नाही, परंतु पगाराच्या तारखेवर आयुष्य बेतलेल्या माणसाला पावसाच्या तारखेवर जगणे जमले नाही. पुढच्या पिढीने मुंबई सोडली नाही, मात्र तिथली नोकरी बदलली. गिरणीत महागाई भत्ता होता, भविष्य निर्वाह निधी होता, युनियन होती. आजच्या कंत्राटी कामात वर्षाला ठेकेदार बदलतो आणि नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. आणि आता बाईही बरोबर जाते, मुले तिकडेच शाळेत जातात. घराला कुलूप लागते, ते गणपतीत उघडते.

हे केवळ माझ्या डोळ्यांना दिसते असे नव्हे. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली. ना दुष्काळ, ना युद्ध, ना रोगाची साथ, आणि तरी दोन संपूर्ण जिल्हे आकाराने घटले. २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. हा आकडा पाहून कोकणात मुलींचा मान मोठा, असे म्हणणारे वक्ते मी ऐकले आहेत. मान असेलही, पण या आकड्याचा पहिला अर्थ असा की, पुरुष गावात नाहीत.

मग बागेतले काम आमची मुले का करीत नाहीत? ‘आळशी झाली’ हे उत्तर मला मान्य नाही. जो मुलगा मुंबईत बारा तास उभा राहतो, विरारच्या गाडीत लोंबकळतो, तो आळशी नाही. प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, तो वर सांगितला. त्याखेरीज दोन कारणे आहेत, ती अधिक खोल आहेत.

पहिले असे की, आम्ही बागायतदारांनी वर्षाचे काम कधी दिलेच नाही. १९९० साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली आणि कातळांवर कलमे उभी राहिली. आंबा-काजूखालचे क्षेत्र वाढले, ही त्या योजनेची थोरवी निःसंशय आहे. पण लागवड वाढली तसे काम वर्षभर विभागले गेले नाही. ते मोहोरापासून काढणीपर्यंतच्या चार-पाच महिन्यांत दाटले. नेपाळहून येणाऱ्याला सात महिने पुरतात, कारण पावसाळ्यात त्याची स्वतःची शेती तिकडे असते. आमच्या मुलाला बारा महिन्यांचा संसार चालवायचा असतो.

वास्तविक काम बारा महिने आहे. पावसाळ्यात कोय कलमांचा हंगाम असतो. रोपवाटिकांना हात हवे असतात. श्रावणाच्या सुमारास झाडांना संजीवके देतात. पाऊस सरला की बेणणी. जुन्या, उंच वाढलेल्या कलमांची छाटणी करून त्यांना पुन्हा फळावर आणणे, हे तर अत्यंत कौशल्याचे काम आहे, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ते किती वर्षे शिकविले आहे! पुढे तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यासाठी फवारण्या आहेतच. एका बागेपुरते पाहिले तर ही कामे तुटक आहेत, परंतु दहा बागा एकत्र धरल्या की ती सलग होतात. शेजारच्या तालुक्यात चार मुलांनी नेमके हे केले आहे. त्यांच्याकडे स्वतःचा फवारणी पंप आहे, दोन गवत कापण्याची यंत्रे आहेत, एक साखळी करवत आहे. ते रोजावर येत नाहीत. झाडामागे दर ठरवितात, काम उरकतात आणि पुढच्या बागेत जातात. त्यांच्या टेम्पोवर नाव रंगविलेले आहे. त्यांतल्या दोघांची लग्ने झाली, हे मी मुद्दाम सांगतो. ‘बागेत गडी आहे’ आणि ‘बागांची कंत्राटे घेतो’ या दोन वाक्यांत काम तेच आहे, पण सोयरीक दुसऱ्या वाक्याला येते.

येथे मला माझ्या खात्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. मी सत्तावीस वर्षे जोडारी शिकविली. आमच्याकडे वीजतंत्री, कातारी, संधाता हे अभ्यासक्रम होते, सारे कारखान्यासाठी. कारखाना पुण्याला, चाकणला. म्हणजे आम्ही येथे बसून मुलांना येथून जाण्याचे शिक्षण देत होतो. मिरकरवाडा बंदरात एखाद्या ट्रॉलरचे इंजिन बंद पडले की मिस्त्रीसाठी खोळंबा होतो. शीतगृहाचा कॉम्प्रेसर बिघडला की कोल्हापूरहून माणूस बोलवावा लागतो, आणि तो येईपर्यंत माल उतरतो. या दोन्ही कामांना लागणारी मूळ विद्या माझ्या वर्गात होती. फक्त समुद्राकडे आणि बागेकडे तोंड करून ती शिकविण्याचे मला सुचले नाही. निवृत्तीनंतर सुचले, तेव्हा वर्ग हातात नव्हता. (त्या बंदरातले खलाशी कोठले आहेत, हेही एकदा जाऊन पाहावे. नेपाळी तेथेही भेटतील.)

रोजगार वाढला नाही असे मात्र नाही. तो वाढला काजूत, आणि तो बायकांच्या वाट्याला आला. दोडामार्ग-सावंतवाडीपासून लांजा-राजापूरपर्यंत छोटे कारखाने आहेत. बी वाफेवर उकडायची, सुकवायची, पायाने चालणाऱ्या यंत्रावर एकेक बी फोडायची, गर भट्टीत वाळवून साल काढायची आणि मग प्रतवारी. एका पौंडात किती गर बसतात त्यावर दोनशेचाळीस, तीनशेवीस असे दर्जे ठरतात. अखंड गराला भाव, तुकड्याला कमी. मजुरी बहुधा किलोवर मिळते. टरफलातले तेल हाताला लागले की कातडे काळे पडते, सोलवटते. म्हणून बायका आधी हाताला खोबरेल चोळून बसतात. आमच्या वाडीतल्या नऊ जणी अशा जातात. त्यांतली एक मला म्हणाली, “मास्तर, लग्नात हात पुढे करायची लाज वाटते.” पण त्याच हातांनी तिने मुलीला परिचारिकेच्या शिक्षणापर्यंत नेले.

या धंद्याची खरी अडचण हातांची नसून भांडवलाची आहे. बी मार्च ते मे या तीन महिन्यांत बाजारात येते. वर्षभराची बी तेव्हाच विकत घेऊन साठवावी लागते. ज्याला बँक पुरेसे कर्ज देते तो घेतो. ज्याला देत नाही त्याची बी दिवाळीच्या आसपास संपते आणि बायकांना ‘निरोप येईल तेव्हा या’ असे सांगितले जाते. मोठे कारखानदार आफ्रिकेतून बी आणून वर्ष चालवितात. म्हणजे ज्या भागात काजू पिकतो, तेथली बाई काजू नाही म्हणून घरी बसते. आपल्यातील पुष्कळ मंडळी सहकारी पतसंस्थांत, बँकांत संचालक आहेत. लग्नासाठी आणि मोटारसायकलसाठी कर्ज देताना जेवढी तत्परता दिसते, तेवढी एप्रिलमध्ये बी खरेदीसाठी दाखविली तर किती जणींचे चार महिने भरून निघतील, याचा त्यांनी आपल्या कार्यक्षेत्रापुरता हिशेब करावा.

पर्यटनाविषयी थोडक्यात. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला, १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. मालवण-तारकर्लीत मच्छीमारांची मुले पाण्याखालचा समुद्र दाखवून कमावतात, ही उत्तम गोष्ट आहे. पण किनाऱ्यापासून दहा किलोमीटर आत गेले की पर्यटनाचा रुपया दिसत नाही. मोठ्या प्रकल्पांचेही असेच काहीसे. गुहागरच्या वीज प्रकल्पाच्या वेळी बांधकामाला हजारो माणसे लागली, बांधकाम संपताच ती पांगली. २००१ साली तर प्रकल्पच बंद पडला आणि पुढे २००५ साली नव्या कंपनीकडे सोपवावा लागला. लोट्याच्या रासायनिक वसाहतीने खेड-चिपळूणच्या तरुणांना नोकऱ्या दिल्या, आणि दाभोळ खाडीतल्या मासेमारांची मासळी घालविली. नाणार झाले, २०२३ साली बारसू झाले. दोन्ही बाजूंना माझे विद्यार्थी होते, आणि दोघेही ‘कोकण वाचवा’ असेच म्हणत होते. त्या वादात मी आज शिरत नाही.

आता ते दुसरे खोल कारण. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि मुंबईची माणसे मिळेल त्या वाहनाने, काही तर पायी, गावी आली. आमच्या वाडीत चौदा कुटुंबे परतली. शाळेच्या वर्गांत त्यांचे विलगीकरण होते. जूनमध्ये निसर्ग वादळ झाले, त्याचा मुख्य तडाखा उत्तरेकडे बसला. आम्ही त्या मानाने वाचलो. त्या पावसाळ्यात कित्येक वर्षे पडीक असलेल्या मळ्या लागल्या. अवजार धरता न येणारी मुले चिखलणीला उतरली. त्याच उन्हाळ्यात वाशीचा बाजार विस्कळीत असताना पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत गेल्या. दलालाविना आंबा विकता येतो, हे अनेकांनी प्रथमच अनुभवले. आम्हांला वाटले, आता गाव भरले.

पुढच्या गणपतीपर्यंत चौदांपैकी बारा कुटुंबे परत गेली. राहण्याची इच्छा असलेली त्यांत पाच तरी होती. त्यांतल्या एका मुलाला कुक्कुटपालनाची शेड घालायची होती. तो बँकेत गेला. बँकेने सातबारा मागितला. सातबारावर त्रेचाळीस नावे! पणजोबांच्या नावावरची जमीन, वाटप कधी झालेले नाही. वारस लागत गेले. त्यांत मुंबईतले आहेत, बडोद्यातले आहेत, सासरी गेलेल्या आत्या आहेत, दोघे मरण पावले असून त्यांचे वारस लागलेले नाहीत. सर्वांच्या संमतीशिवाय तारण नाही, आणि तारणाशिवाय कर्ज नाही. मुलगा सहा महिने सह्यांसाठी फिरला. एका चुलत काकांनी सही दिली नाही. त्यांचा विरोध नव्हता. “बघू, पुढच्या वेळी आलो की बसू,” एवढेच ते म्हणाले. मुलगा आज नालासोपाऱ्याला आहे. जी दोन कुटुंबे राहिली, त्यांचे सातबारे स्वतंत्र आहेत. हा योगायोग नव्हे.

घाटावर एका भावाच्या वाट्याला एकर-दोन एकर येते, ते त्याचे असते. आमच्याकडे खोती गेली, कुळांच्या नावे जमिनी झाल्या, ते न्यायाचेच झाले. परंतु त्यानंतर दोन-तीन पिढ्यांनी आपसांत वाटप करून घेतले नाही. जमीन विकायची नाही, कसायची नाही, कसू इच्छिणाऱ्याला द्यायचीही नाही. नाव मात्र राहिले पाहिजे. त्या नावात भावना आहे, हे मला मान्य आहे. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला गावच्या कातळावर आपले नाव आहे, हाच आधार असतो. पण त्या आधाराची किंमत गावी राहू पाहणारा मुलगा देतो. सरकारने काय करावे, बँकेने काय करावे, हे आपण नेहमी बोलतो. यात मात्र सरकार मध्ये नाही. सर्व सहहिस्सेदार एकमताने आले तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप करून घेता येते. कोर्ट लागत नाही. लागते ती एका बैठकीत सर्वांची संमती, आणि सर्व एकत्र असतात ते फक्त गणपतीचे पाच-सात दिवस.

माझ्या घरची गोष्ट सांगून थांबतो. आमच्या सामायिक सातबारावर एकतीस नावे आहेत. माझ्या चुलतभावाचा नातू कृषी पदविका घेऊन आला आहे. त्याला रोपवाटिका काढायची आहे, आणि पाण्याजवळचा तुकडा या सामायिक जमिनीत आहे. मी गेल्या वर्षी नकाशा काढून घेतला, मृतांचे वारस लावून घेतले, वाटपाचा मसुदा टंकून ठेवला. बडोद्याला जाऊन आलो. ठाण्याला दोनदा जाऊन आलो. एका आत्येबहिणीने सही केली आणि वर विचारले, “दादा, माझे नाव गेले तर मी माहेरी कुठल्या हक्काने येऊ?” मी तिला म्हटले, खोलीची किल्ली तुझ्याजवळ ठेव. ती तिने खरोखरच ठेवून घेतली आहे.

एकतीसपैकी अठ्ठावीस सह्या झाल्या आहेत. उरलेले तिघेही गणपतीला येणार, असा निरोप आहे. मसुदा कपाटात आहे, आणि त्या मुलाने कोयी गोळा करायला सुरुवात केली आहे.